वारली चित्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वारली चित्रांविषयी बोलताना शाळांमधले शिक्षक, पालक, चित्रे विकत घेणारे आणि डहाणूच्या बाजूला जाऊ इच्छिणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी स्वतः वारली नाही. अनेक वर्षे पाड्यांवर जाऊन, ऐकून आणि पाहून जे समजले ते लिहिले आहे, आणि जिथे माझे मत आहे तिथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

वारली चित्रकला नेमकी कोणाची?

वारली हा महाराष्ट्रातील मोठ्या आदिवासी समाजांपैकी एक आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या तालुक्यांत, त्याला लागून असलेल्या दक्षिण गुजरातेत आणि दादरा नगर हवेलीत या समाजाची वस्ती आहे. मुंबईतील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आणि आरेमध्येही वारली पाडे आहेत, हे पुष्कळ मुंबईकरांना ठाऊक नसते. ‘वारल’ म्हणजे लागवडीखाली आणलेला जमिनीचा लहानसा तुकडा आणि त्यावरून ‘वारली’ हे नाव आले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. बोली मराठीला जवळची आहे. लग्नातली गाणी लक्ष देऊन ऐकली तर मराठी माणसाला त्यातले बरेच शब्द ओळखू येतात.

आज कुर्त्यांवर, दैनंदिन्यांवर आणि रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर जी चित्रे दिसतात, ती या समाजाच्या एका विधीतून निघालेली आहेत. तो विधी लग्नाचा आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा तिथपर्यंत जातो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिले आहे.

लग्नचौक म्हणजे काय?

लग्नघरात, घराच्या आतल्या भिंतीवर काढलेली चौकोनी आकृती म्हणजे चौक. घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्या एकमेकींना बांधून उभ्या केलेल्या, त्यावर माती आणि शेणाचा लेप. लग्नाच्या आधी ही भिंत पुन्हा सारवून गेरूने लाल केली जाते. तांदूळ वाटून त्याचे पाणी घालून पातळ पीठ करतात, आणि बांबूच्या काडीचे टोक दातांनी चावून त्याचा कुंचला तयार होतो. साहित्य एवढेच.

काढणारी बाई भिंतीच्या इतकी जवळ बसते की संपूर्ण आकृती तिला एका नजरेत दिसतच नसते. आधी चौकटीच्या रेषा येतात, मग त्या रेषांमध्ये नागमोडी, तिरप्या आणि साखळीसारख्या नक्षीचे पट्टे भरले जातात. काडी पिठात बुडवली की पहिली दोन-तीन बोटे रेषा ठळक उमटते, मग फिकट होत जाते आणि तुटते. पुन्हा बुडवायची, पुन्हा जोडायची. ओले पीठ लाल भिंतीवर सुरुवातीला जेमतेम दिसते. ते वाळत जाते तसे पांढरे होते, म्हणजे बाई पुढे सरकत असते आणि तिच्या मागे चित्र हळूहळू उजळत येते. छापील नक्षीत हे कधीच सापडत नाही, कारण तिथे सगळ्या रेषा सारख्याच जाडीच्या आणि एकाच वेळी आलेल्या असतात.

चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. पालवीने भरून वाहणारा घट असा तिच्या नावाचा अर्थ लावला जातो. ती उगवण्याची आणि वाढीची देवता आहे. तिच्या भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी येतात. जवळच लहान चौकात पंचशिऱ्या नावाचा घोडेस्वार रक्षक देव असतो, ज्याच्या धडावर डोक्याच्या जागी पाच कणसे फुटलेली दाखवतात. चौकाबाहेर ताडाची झाडे, नाचणारी माणसे, घोड्यावर बसलेले नवरा-नवरी, पक्षी, प्राणी. शेवटी हळदी-कुंकवाचे पिवळे आणि लाल ठिपके दिले जातात. एरवी पांढऱ्याशिवाय दुसरा रंग नसलेल्या या चित्रात तेवढेच काय ते रंग.

चौक काढल्याशिवाय, म्हणजेच पालघट घरात आल्याशिवाय, लग्न लागत नाही. त्यामुळे याला सजावट म्हणणे मला पटत नाही. हे देवीला दिलेले बसण्याचे ठिकाण आहे.

चौक स्त्रियाच का काढतात?

चौक काढण्याचा मान सवासिनींचा, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा विवाहित स्त्रियांचा असतो. लग्न लावणारीही स्त्रीच असते. तिला धवलेरी म्हणतात. ती गाण्यांतून देवतांना एकेक करून लग्नाला बोलावते, आणि तिची गाणी हाच लग्नाचा मंत्र असतो. बाहेरच्या पुरोहिताची गरज पडत नाही. चित्र काढणे आणि गाणे यांचे काम इथे वेगळे काढता येत नाही, कारण गाण्यातून ज्यांना बोलावले जाते तेच भिंतीवर येतात.

विधवेला चौक काढता येत नाही ही या रीतीची दुसरी बाजू आहे, आणि तिचे कौतुक करण्यासारखे काही नाही. आपल्या, म्हणजे बिगरआदिवासी मराठी घरांतल्या हळदी-कुंकवाच्या समारंभातही हेच होत आले आहे, त्यामुळे बोट दाखवताना ते आधी आपल्याकडे वळवावे.

या चित्रांत पूर्वज कुठे असतात?

बहुतेकांना पूर्वज म्हटले की चेहरे, तसबिरी, नावे अपेक्षित असतात. वारली चित्रात चेहराच नसतो. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, आणि काडीसारखे हातपाय. हा माणूस अमका आजोबा असे त्यात लिहिलेले नसते, आणि तरीही चित्र पाहणाऱ्याला ते सगळे आपल्याच माणसांचे आहे हे कळते.

पूर्वजांची उपस्थिती दोन-तीन वाटांनी येते. मृत पूर्वजांना ‘वीर’ म्हणून मान देण्याची रीत या भागातल्या आदिवासी समाजांमध्ये आहे. त्यांच्या नावाने लाकडी फळ्या किंवा खांब कोरून उभे केले जातात, ज्यांवर घोडेस्वार आणि वर सूर्य-चंद्र असतात. चौकातला घोडेस्वार आणि सूर्य-चंद्र पाहताना ही फळी डोळ्यांसमोर असली, तर लग्नाचे चित्र आणि मरणाचे स्मारक एकाच भाषेत बोलतात हे लक्षात येते. दुसरी वाट गाण्यांची. हिरवा, हिमाय, नारनदेव ही घरातली आणि कुळातली दैवते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली असतात, आणि कोणत्या घरी कोणता देव कसा मानायचा हे आजी-आजोबांकडूनच कळते. हिरवा देवाचे रूप म्हणजे मोरपिसांचा जुडगा. तिसरी वाट सर्वांत साधी आहे: चौकाची नक्षी मुलगी आईकडून किंवा आत्याकडून शिकते, कोणतेही पुस्तक नसते, आणि हाताला लागलेले वळण हाच वारसा असतो.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. आपल्याकडे पुष्कळ घराण्यांत लग्नाआधी देवक बसवतात. कोणाचे देवक कदंबाचे, कोणाचे उंबराचे, कोणाचे आंब्याचे. एका देवकाच्या घराण्यांत सोयरीक करत नाहीत, कारण ते झाड कुळाचे मानलेले असते. आपल्या कुळाची ओळख झाडावर सोपवण्याची कल्पना आपल्याही घरात होती आणि अजूनही आहे, एवढे आठवले तरी वारली चौकाकडे पाहण्याची नजर बदलते. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मात्र मी म्हणणार नाही.

निसर्गपूजा म्हणजे या समाजात प्रत्यक्षात काय?

‘आदिवासी निसर्गपूजक असतात’ हे वाक्य इतके वापरून झाले आहे की त्यातून काहीच कळत नाही. म्हणून दोन उदाहरणे देतो.

पहिले धान्याचे. वारल्यांची धान्याची देवता कणसरी. भात हे इथले मुख्य पीक आहे आणि वर्षाचा मोठा भाग त्याच्या भोवती फिरतो: राब भाजणे (पालापाचोळा जाळून रोपांसाठी जमीन तयार करणे), पेरणी, आवणी (भाताची रोपे लावणे), कापणी, झोडणी. नवे धान्य आले म्हणून ते लगेच तोंडात घालत नाहीत. आधी देवांना द्यायचे, मग नवे खायचे. घांगळीच्या साथीने कणसरीच्या कथा गायल्या जातात. घांगळी हे तंतुवाद्य आहे. आता चित्राकडे परत या. ज्या धान्याची देवी म्हणून पूजा होते, त्याच धान्याचे पीठ करून पालघट काढली जाते. भिंत शेतातल्या मातीची, लेप गाईच्या शेणाचा, काडी रानातल्या बांबूची. चित्रात निसर्ग ‘दाखवलेला’ आहे हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट ही की ते चित्रच त्या शेतातून आणि रानातून आलेले आहे.

दुसरे वाघाचे. वाघदेव किंवा वाघोबा हा वारली, महादेव कोळी, कोकणा अशा अनेक समाजांचा देव आहे. दगडावर किंवा लाकडावर वाघाची आकृती कोरून त्यावर शेंदूर चढवलेला असतो, सोबत बहुधा सूर्य-चंद्र. आश्विन वद्य द्वादशीला, ज्या दिवशी आपण वसुबारस करतो, त्या दिवशी वाघबारस पाळतात. गाय-वासराची पूजा आणि गाय-वासराला खाणाऱ्याची पूजा एकाच तिथीला यावी, यात मला फार मोठे शहाणपण दिसते. वाघोबाशी नाते प्रेमाचे म्हणण्यापेक्षा व्यवहाराचे आहे: आम्ही तुझा मान ठेवतो, तू आमची गुरे राख. मुंबईत बिबट्या इमारतीच्या आवारात आला की जी घबराट उडते, तिच्यापासून काही अंतरावर आरेतल्या पाड्यांमध्ये वाघोबाची ठाणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भीती तिथेही आहे. पण त्या प्राण्याचाही या जागेवर हक्क आहे, हे आधीच मान्य केलेले आहे.

याखेरीज धरतरी, म्हणजे भूमाता, आणि पावसाचा नारनदेव आहेत. चित्रांत मुंग्यांची रांग, कोंबड्या, उंदीर, खेकडे, मधमाश्या माणसांइतक्याच काळजीने काढलेल्या असतात. मुंग्यांच्या रांगेला घरातल्या लग्नाइतकीच जागा मिळते, हे मला या चित्रांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

गोल, त्रिकोण आणि चौकोन यांचा अर्थ काय?

गोल सूर्य-चंद्रापासून, त्रिकोण डोंगर आणि झाडांच्या शेंड्यांपासून आले, आणि चौकोन माणसाने आखलेली पवित्र जागा किंवा जमिनीचा तुकडा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. शिकवायला ते सोपे आहे आणि चुकीचे नाही. मात्र अर्थ घोकण्यापेक्षा दोन त्रिकोणांची गंमत पाहावी. वरचा त्रिकोण उलटा, खालचा सुलटा, आणि दोघे कंबरेच्या एका बिंदूवर टेकलेले. त्या बिंदूवर वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस वाकतो, ओझे उचलतो, नाचतो, भात लावतो. संपूर्ण शरीराची हालचाल त्या एका बिंदूत आहे.

ही कला अडीच हजार वर्षे जुनी आहे हे खरे का?

असे आकडे बऱ्याच ठिकाणी छापलेले आढळतात. आदिम गुहाचित्रांशी साम्य आहे, मध्य प्रदेशातील भीमबेटकाच्या गुहांचे नावही घेतले जाते, पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. तांदळाच्या पिठाचे चित्र मातीच्या भिंतीवर काही काळ टिकते. पुढच्या सारवणात ते जाते, आणि जाण्यासाठीच असते. जी गोष्ट टिकवण्यासाठी काढली जात नव्हती, तिचे वय मोजण्याचा पुरावा मागे राहत नाही. परंपरा जुनी आहे, पिढ्यांच्या स्मरणापलीकडची आहे, एवढे म्हणणे पुरेसे आणि प्रामाणिक आहे. मोठा आकडा जोडल्याने तिचा मान वाढत नाही.

तारपा नाच सगळ्या चित्रांत का दिसतो?

तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य. वाळलेला दुधी भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि खाली ताडाच्या पानाचा रुंद होत जाणारा कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. पावसाळा सरताना शेतात भात तयार होऊ लागते, तेव्हापासून दिवाळीपर्यंत त्याचा काळ. वाजवणारा मध्ये असतो आणि स्त्री-पुरुष एकमेकांच्या कंबरेला धरून साखळी करून त्याच्या भोवती फिरतात. तो वळला की साखळी वळते. नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. ही साखळी कागदावर उतरली की तिचे वेटोळे होते, कधी सर्पाकृती, कधी गोगलगाईच्या शंखासारखे.

जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा हे तारपा वाजवणारे आणि घडवणारे म्हणून ख्यातनाम आहेत. त्यांच्यासारख्यांचे वादन एकदा ऐकावे. माझ्या परिचयाच्या एका वसाहतीच्या कुंपणभिंतीवर रंगाऱ्याकडून ‘वारली’ काढून घेतले होते, त्यात वाजवणाऱ्याच्या हातात बासरी होती आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करून उभे होते. रंगाऱ्याने तारपा कधी पाहिलाच नव्हता, हा त्याचा दोष नव्हे. ते चित्र काढायला वारली माणसाला बोलवावे असे कोणालाच सुचले नाही, याचे मला वाईट वाटले.

भिंतीवरची चित्रे कागदावर कशी आली?

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामासाठी डहाणूच्या भागात आले. त्याआधी बिहारमध्ये १९६६-६७च्या दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागद देऊन त्यांची भित्तिचित्रे बाहेर आणण्याच्या कामात ते होते. इथेही त्यांनी कागद आणि रंग दिले. त्यातून जे नाव पुढे आले ते जिव्या सोमा म्हसे यांचे.

जिव्या म्हसे १९३४ साली जन्मले. लहानपणी, सातव्या वर्षाच्या सुमारास, आई गेली आणि त्यांचे बोलणे जवळपास थांबले; मातीत रेघा ओढून ते मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. चित्र काढणे हे बायकांचे काम असताना हा माणूस कोणत्याही लग्नाची वाट न पाहता रोज चित्र काढी. १९७५ साली मुंबईत केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने जगभरातल्या कलावंतांना एकत्र आणणारे जे गाजलेले प्रदर्शन भरवले, त्यात त्यांची चित्रे होती. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत युरोपात त्यांची जोड प्रदर्शने झाली. २०११ साली पद्मश्री मिळाली. मे २०१८मध्ये ते गेले, तोवर डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यावरच राहिले. त्यांचे मुलगेही चित्रकार आहेत.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहायला मिळाले तर वेळ काढून पाहावे. अतिशय बारीक टिंबांच्या आणि रेघांच्या विणीतून जाळे पसरलेले असते, इतके मोठे की पाण्याचा एकही थेंब न काढता पाणी दिसते, आणि कडेला ते ओढणारा माणूस बोटाच्या पेराएवढा.

मग बाजारात आल्यावर या कलेचे पावित्र्य गेले का?

हा प्रश्न शहरातले लोक विचारतात. पाड्यावर मी तो क्वचितच ऐकला. कागदावरच्या चित्रात गोष्टी आल्या, शेती आली, बाजार, शाळा, आगगाडी आली. ती चित्रकाराची स्वतःची चित्रे आहेत. लग्नातला चौक वेगळा आहे आणि तो आजही लग्नातच काढला जातो. दोन्ही एका मुळाच्या गोष्टी आहेत, पण एकीच्या येण्याने दुसरी संपली असे झालेले नाही.

खरे नुकसान दुसरीकडे झाले. कला बाजारात आल्यावर नाव, पुरस्कार आणि प्रवास बहुतांशी पुरुषांच्या वाट्याला आला, आणि ज्या सवासिनींनी ही परंपरा भिंतीवर जिवंत ठेवली त्यांची नावे कुठेही नोंदली गेली नाहीत. अलीकडे स्त्रिया पुन्हा आपल्या नावाने चित्रे काढू लागल्या आहेत, त्यांची चित्रे शोधून घ्यावीत अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

लग्नाच्या या चित्रांशी वेठबिगारीचा काय संबंध आहे?

हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, पण विचारला जायला हवा. सावकार आणि जमीनदारांच्या काळात वारली तरुणाला लग्नासाठी कर्ज काढावे लागे, आणि ते फिटेपर्यंत तो, अनेकदा त्याची बायकोही, मालकाच्या घरी राबत असे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज सहसा फिटत नसे. ज्या लग्नासाठी सवासिनी पालघटाला बोलावत, ते लग्नच माणसाला गुलाम करत होते. किसान सभेचे नेते गोदूताई आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने १९४५ साली तलासरीजवळच्या झरी येथे वारल्यांची परिषद झाली, आणि वेठबिगारी नाकारणारे आंदोलन उभे राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे मरण पावली.

चित्रातली हसरी, नाचरी साखळी पाहून ‘किती सुखी माणसे’ असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास ठाऊक करून घ्यावा. त्या दिवसांतही चौक काढला जात होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

वारली नसलेल्या व्यक्तीने ही चित्रे काढावीत का? भौगोलिक मानांकनामुळे बंदी आली आहे का?

वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी आदिवासी तरुणांच्या संघटनेने प्रयत्न केले. हे मानांकन कलाकृतीच्या नावाचे आणि तिच्या प्रदेशाशी असलेल्या नात्याचे संरक्षण करते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. वस्तू ‘वारली चित्र’ म्हणून विकायची असेल तर हे नाव वापरण्याचा अधिकार नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांचा आहे. विशिष्ट चित्रकाराच्या विशिष्ट चित्रावर स्वामित्वहक्क असतो, तो वेगळा; तो त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे एखाद्याचे चित्र उचलून पिशवीवर छापणे हे दोन्ही बाजूंनी अयोग्य ठरू शकते.

घरी, वहीत, शिकण्यासाठी काढायला कोणाची हरकत नाही. पाड्यावरचे चित्रकार स्वतः आनंदाने शिकवतात. माझे म्हणणे एवढेच की पालघटाचा चौक सरावाचा विषय करू नये. तो चित्रकाराकडून विकत घेऊन आदराने घरात लावणे वेगळे. पायपुसण्यावर छापणे वेगळे. असे पायपुसणे मी पाहिले आहे.

विकत घेताना काय पाहावे?

कोणी काढले, कोणत्या पाड्यावर, हे विचारावे. विक्रेत्याला नाव सांगता येत नसेल तर घेऊ नये. रेषेची जाडी सगळीकडे अगदी सारखी असेल, दोन माणसे तंतोतंत एकाच साच्यातली असतील, तर ते छापील आहे. पांढरा ॲक्रिलिक रंग वापरला म्हणून चित्र नकली होत नाही. कापडावर टिकावे म्हणून चित्रकार स्वतःच तो वापरतात आणि पार्श्वभूमीला शेण किंवा गेरू देतात. तांदळाच्या पिठाचे चित्र असेल तर ओल आणि कीड यांपासून जपावे, काचेआड ठेवावे. आणि चित्रकारासमोर बसून भाव पाडू नये. एका हाताच्या रुंदीतली साखळी काढायला सकाळ जाते.

शाळेत मुलांना कशी शिकवावी?

आधी मुलांना आपल्या घरातले एखादे काम पाहायला सांगावे: आजी भाकरी थापते, शेजारी गाडी धुतात, पावसात कावळे वळचणीला बसतात. मग तेच दोन त्रिकोणांच्या माणसांनी मांडायला सांगावे. छापील नमुन्यातला तारपा नाच तीस मुलांनी तीस वेळा उतरवण्यात काही अर्थ नाही. लाल पोस्टर कागद आणि पांढरा रंग मिळतो, पण एकदा तरी शाळेच्या आवारातल्या मातीचा लेप पुठ्ठ्यावर देऊन, तांदूळ वाटून, काडी चावून पाहावे. काडी चावायला मुलांना फार आवडते, आणि रेषा का तुटते हे त्यांना सांगावे लागत नाही.

सिमेंटची घरे आली, जंगल कमी झाले. आता पुढे काय?

घरकुलाची पक्की भिंत गेरू आणि शेण धरत नाही. तरी लग्न असले की भिंतीचा एक भाग लाल करून त्यावर चौक काढलेला मी पाहिला आहे. गळक्या घरात राहून परंपरा जपा, असे सांगण्याचा हक्क आपल्यापैकी कोणालाही नाही.

जंगलाचे दुखणे याहून खोल आहे. डहाणू तालुका जून १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. आज याच जिल्ह्यातून मुंबई–अहमदाबाद जलदगती रेल्वेचा मार्ग जातो आणि वाढवण येथे मोठे बंदर होत आहे. चित्रांवर प्रेम करणाऱ्यांनी या प्रश्नांवर एकच भूमिका घ्यावी असे मी म्हणत नाही. पण ताडाचे झाड, कारवी, बांबू, भाताचे खाचर आणि वाघोबाचे ठाणे हे ज्या जमिनीवर आहेत तिचा विचार न करता फक्त तिच्या चित्रांचे कौतुक करणे मला जमत नाही.

चित्रे प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

पुण्यात राणीच्या बागेजवळ आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे, दिल्लीत राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय. जपानच्या निगाता प्रांतात तोकामाची येथे मिथिला संग्रहालय आहे, तिथेही वारली चित्रकार जाऊन राहिले आणि त्यांनी चित्रे काढली. जपानमधल्या मराठी मंडळींनी ते जरूर पाहावे.

पण शक्य असेल तर डहाणूला जावे. २०१३ पासून विरारहून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते. तिथून गंजाडच्या बाजूला बस आणि रिक्षा मिळतात. जाण्याआधी चित्रकाराला फोन करून वेळ विचारावी. आवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत सगळे घर शेतावर असते. लग्नघरातला चौक पाहायचा असेल तर आमंत्रणाशिवाय जाऊ नये, आमंत्रण मिळाले तर कॅमेरा आधी विचारूनच काढावा, आणि धवलेरी गात असताना तो बंद ठेवावा. भिंतीला हात लावू नये. पीठ वाळले असे दिसले तरी आतून ते बराच वेळ ओले असते.